अमानतीचे दोन साक्षीदार

आमच्या केळशीसारख्या गावात पालक शिक्षकाकडे येतात ते केवळ मुलाच्या गुणांची चौकशी करण्यासाठी नव्हे. शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याचे बँकेत खाते उघडावे लागते. काही महिन्यांनी पासबुकात व्याजाची एक ओळ उमटते आणि एखादी आजी त्या ओळीवर बोट ठेवून विचारते, "मास्तर, ह्या पैशाचं काय करायचं? आपल्याला चालतो का हा?" त्याच घरात दुसराही एक प्रश्न असतो. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाला कोणी तरी सांगितलेले असते की अमुक कंपनीत पैसे ठेवा, तेथे व्याज नाही, दरमहा 'हलाल नफा' मिळतो. "तिथं ठेवलेलं बरं ना मास्तर?"

पहिला प्रश्न धर्माचा आहे. दुसरा धर्माचा आणि कायद्याचा, दोन्हींचा आहे. परंतु आपल्या समाजात पुष्कळदा असे होते की पहिल्या प्रश्नाची काळजी करणारा माणूस दुसऱ्या प्रश्नात डोळे मिटून उडी घेतो. बिनव्याजी व्यवहाराचा इतिहास पाहिला तर ही उडी किती महाग पडते ते ध्यानात येते. हा इतिहास आपल्या महाराष्ट्राशीही जवळून निगडित आहे. त्याची ओळख करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लिहून ठेवा, साक्षीदार घ्या

पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, असे विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेकांना नमाज, रोजा किंवा हज आठवतात. प्रत्यक्षात ती आयत आहे उधारीच्या व्यवहाराची नोंद करण्याविषयी. सूरह बकरामधील २८२ वी आयत. मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. आणि ही आयत येते ती रिबाची, म्हणजे व्याजाची, मनाई सांगणाऱ्या आयतींच्या पाठोपाठ. व्याज टाळा हा एक हुकूम आणि व्यवहार लेखी व साक्षीने करा हा दुसरा. आपण पहिला लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो.

प्रारंभीच्या काळातील एक उदाहरण पाहा. हजरत जुबैर (रजि.) यांच्याकडे लोक आपला पैसा विश्वासाने ठेवीत. ते तो 'अमानत' म्हणून घेत नसत, 'कर्ज' म्हणून घेत. कारण अमानत निष्काळजीपणा नसता हरवली तर ती भरून देण्याचा बोजा ठेवणाऱ्यावर येत नाही. कर्ज मात्र कोणत्याही स्थितीत फेडावेच लागते. इ.स. ६५६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांनी हिशेब केला. देणे निघाले २२ लाख. जमीनजुमला विकून त्यांनी ते फेडले. एवढ्यावरही वारसांत वाटणी केली नाही. चार वर्षे हजच्या मोसमात जाहीर पुकारा केला की ज्याचे काही येणे असेल त्याने यावे. मगच वाटणी झाली. ठेवीदाराची जबाबदारी म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

बाजारावर देखरेख ठेवण्याचीही आपल्याकडे जुनी रीत आहे. मदीनेच्या बाजाराची देखरेख हजरत उमर (रजि.) यांनी हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह या विदुषीकडे सोपविली होती, असे परंपरा सांगते. पुढे 'मुहतसिब' हा अधिकारी वजने-मापे, भेसळ आणि खोटे सौदे तपासू लागला. म्हणजे व्यापाऱ्याची दाढी पाहून त्याचे माप खरे मानण्याची पद्धत तेव्हाही नव्हती!

आपल्या मुलखातील व्याजाचा कायदा

आता आपल्या मुलखाकडे येऊ. हिंदू धर्मशास्त्रातही व्याजाला मर्यादा होती. 'दामदुप्पट' या नियमाप्रमाणे एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ शकत नसे. पुढे इंग्रजी अमलात १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरील जुनी बंधने रद्द झाली आणि उभय पक्षांनी ठरविलेला दर न्यायालये मान्य करू लागली. मुंबई इलाख्यात दामदुपटीचा नियम शिल्लक राहिला, पण कर्जदार हिंदू असेल तरच. मुसलमान कर्जदाराची स्थिती विचित्र झाली. शरीअतीतील व्याजबंदी न्यायालयात चालेना आणि दामदुपटीचे संरक्षणही त्याला लागू होईना.

सावकारीचा जाच वाढत गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. रोखे काढून घ्यावयाचे आणि जाळावयाचे. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. शेतकऱ्याचे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिले जावेत अशी तरतूदही त्यात होती. निरक्षर माणूस न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवतो हे सर्व दुःखाचे मूळ आहे, हे सरकारलाही कळून चुकले होते.

पुढे १९१८ चा जबरी व्याजाविरुद्धचा कायदा आणि १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आला. या दुसऱ्या कायद्याने मुद्दलाहून अधिक व्याजाची डिक्री न्यायालयाने देऊ नये, हे तत्त्व सर्व धर्मांच्या कर्जदारांना लागू केले. २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने त्याची जागा घेतली. तात्पर्य, व्याजाच्या जाचातून गरिबाला सोडविणे ही केवळ मुसलमानांची चिंता कधीच नव्हती.

बिनव्याजी संस्थांची वाटचाल

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि गरिबाने गरिबाला मदत करण्याचा कायदेशीर मार्ग मोकळा झाला. त्या मार्गाने आपल्या समाजातील काही मंडळींनी बिनव्याजी संस्था काढल्या. सुरतेची पटनी को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी १९३८ ची. उत्तरेत देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ मध्ये सुरू झाला. दागिना तारण ठेवून बिनव्याजी कर्ज द्यावयाचे आणि कार्यालयाचा खर्च करारपत्राच्या फॉर्मच्या किमतीतून भागवावयाचा, अशी त्याची पद्धत होती. मुंबईत १९७६ मध्ये बैतुन्नस्र ही नागरी सहकारी पतसंस्था स्थापन झाली. छोट्या बचती गोळा करून व्याजाऐवजी सेवाखर्च घ्यावयाचा, हे तिचे सूत्र होते.

या सहकारी संस्थांचे वैशिष्ट्य ध्यानात घ्या. महाराष्ट्रात अशी संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदली जाते. तिला निबंधक असतो, वार्षिक सभा असते, हिशेबतपासणी असते. ती ठेवी घेते त्या आपल्या सभासदांच्या. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतील ठेवींना १९६२ पासून विमा आहे. ती मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास एका बँकेत ५ लाख रुपये अशी झाली. पतसंस्थेतील ठेवीला हे छत्र नाही. हा फरक आपल्या घराघरांत माहीत असला पाहिजे.

मग इस्लामी बँक का नाही?

पालक विचारतात, "सरळ इस्लामी बँकच का काढत नाहीत?" याचे उत्तर १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात आहे.

समजा, हर्णैच्या एका मच्छीमाराला होडीसाठी इंजिन हवे आहे. साधी बँक त्याला कर्ज देईल आणि व्याज घेईल. इस्लामी पद्धतीत बँक स्वतः ते इंजिन विकत घेईल, आपला नफा उघड सांगून त्याला हप्त्याने विकेल. याला 'मुराबहा' म्हणतात. परंतु आपल्या कायद्याच्या ८ व्या कलमाप्रमाणे बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. समजा, कोणाला घर हवे आहे. 'इजारा' पद्धतीत बँक घर घेऊन ते भाड्याने देईल. पण ९ व्या कलमाप्रमाणे स्वतःच्या वापराशिवाय इतर स्थावर मालमत्ता बँकेला सात वर्षांहून अधिक काळ ठेवता येत नाही. राहता राहिली ठेव. 'मुदारबा' पद्धतीत ठेवीदार नफ्यात भागीदार असतो, तसाच नुकसानीतही. आपल्या कायद्यात बँकेची ठेव ही परत करावयाचीच रक्कम आहे. हे नियम कोणा एका धर्माविरुद्ध केलेले नाहीत. बँकेने लोकांच्या पैशावर व्यापाराचा जुगार खेळू नये, यासाठी ते आहेत.

भारतीय रिझर्व्ह बँकेने आनंद सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली या विषयाचा अभ्यास करविला. प्रचलित कायद्यात असे बँकिंग शक्य नाही, असा निष्कर्ष २००६ मध्ये निघाला. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने, धर्मश्रद्धेमुळे व्याजापासून दूर राहणारे लोक बँकेबाहेर राहतात म्हणून बिनव्याजी सोय करावी, असे सुचविले. २०१५ मध्ये दीपक मोहंती समितीने साध्या बँकांत बिनव्याजी खिडकी उघडण्याची सूचना केली. परंतु २०१७ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली विचारलेल्या प्रश्नाला रिझर्व्ह बँकेने उत्तर दिले की, सर्व नागरिकांना बँकसेवेच्या व्यापक व समान संधी उपलब्ध असल्याचा विचार करून हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरले आहे.

मध्यंतरी केरळात राज्य सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाचा सहभाग असलेली शरीअततत्त्वावरील वित्तकंपनी निघाली. सरकारचा असा सहभाग धर्मनिरपेक्षतेला बाधक आहे, अशी याचिका झाली. ती केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये फेटाळली. मात्र ती कंपनी बँक नव्हती, हे विसरू नये.

महाराष्ट्रात २०१६ मध्ये एक लक्षणीय गोष्ट घडली. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बारामतीला बिनव्याजी व्यवहाराचा विभाग सुरू केला. बिनव्याजी ठेवी घ्यावयाच्या आणि त्यांतून गरजूंना बिनव्याजी कर्ज द्यावयाचे. वाचकहो, वर उल्लेखिलेले सुपे आज बारामती तालुक्यातच आहे. ज्या परिसरात १८७५ मध्ये कर्जरोख्यांची होळी झाली, तेथेच १४१ वर्षांनी एका सहकारी बँकेने, तीही मुसलमानांची नसलेल्या बँकेने, बिनव्याजी खिडकी उघडून पाहिली.

परदेशांतील देखरेख

इतर देशांत काय घडले? इजिप्तमधील मित गम्र या गावी १९६३ मध्ये अहमद अन्-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक काढली. जर्मनीतील बचत बँकांचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्याच वर्षी मलेशियात हजसाठी बचत करणारी संस्था सुरू झाली. आयुष्यभर गाठोड्यात पैसे बांधून ठेवणारे, हजसाठी जमीन-गुरे विकणारे खेडूत तिच्या प्रवर्तकांच्या डोळ्यांसमोर होते. आपल्या कोकणातील जुन्या हाजींची आठवण व्हावी अशीच ही कथा. पुढे १९७५ मध्ये जेद्दाची इस्लामी विकास बँक व दुबई इस्लामी बँक, आणि १९८३ मध्ये मलेशियाची पहिली इस्लामी बँक उभी राहिली. त्या बँकेसाठी मलेशियाने त्याच वर्षी स्वतंत्र कायदा केला.

या बँकांत 'शरीअत मंडळ' असते. त्यातील उलमा करार तपासतात आणि तो शरीअतीला धरून आहे की नाही ते सांगतात. यात एक अडचण आहे. या उलमांना मानधन कोण देते? तीच बँक! परीक्षार्थीने परीक्षकाचे मानधन द्यावे तसे हे झाले. म्हणून मलेशियाने १९९७ मध्ये मध्यवर्ती बँकेतच शरीअत सल्लागार परिषद नेमली. २००९ च्या कायद्याने तिचा निर्णय न्यायालयांवरही बंधनकारक झाला. २०१३ च्या कायद्याने तर शरीअतीचे नियम मोडणाऱ्या वित्तसंस्थेच्या प्रकरणी आठ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. बहरीनमध्ये हिशेब व तपासणीचे नियम ठरविणारी संस्था १९९१ पासून काम करते, तर बँकांच्या नियंत्रकांसाठी क्वालालंपूरला २००२ मध्ये मंडळ स्थापन झाले. ज्या देशांनी ही बँक वाढविली त्यांनी केवळ फतव्यावर विसंबून काम केले नाही.

एकच साक्षीदार असला म्हणजे

आता विरुद्ध बाजू पाहा. १९८० च्या दशकात इजिप्तमध्ये अर्-रय्यान आदी 'इस्लामी गुंतवणूक कंपन्या' निघाल्या. आखातात राबणाऱ्या इजिप्ती कामगारांनी आपली कमाई त्यांत ओतली. बँकेहून कितीतरी अधिक नफा मिळे. नामांकित धर्मपंडितांचा आधार होता, पण बँकांवर असते तशी सरकारी देखरेख नव्हती. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून हिशेब मागितला तेव्हा अर्-रय्यानचा डोलारा कोसळला आणि असंख्य कुटुंबांची पुंजी अडकली.

इजिप्त दूर आहे म्हणावे, तर बंगळूर दूर नाही. तेथील आय.एम.ए. नावाची कंपनी 'हलाल' गुंतवणुकीच्या नावाने पैसे घेत असे. लोकांना 'ठेवीदार' न म्हणता 'भागीदार' करून घेतले जाई, जेणेकरून ठेवीचे नियम लागू होऊ नयेत. जून २०१९ मध्ये ती कोसळली. चाळीस हजारांहून अधिक लोकांनी तक्रारी दिल्या. त्यांत मुलीच्या लग्नाचे पैसे होते, निवृत्तीचे होते, मुलांच्या शिक्षणाचे होते. त्याच वर्षी केंद्राने नोंदणीबाह्य ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. महाराष्ट्रात तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. पण कायदा धावून येतो तो बहुधा पैसा गेल्यावर. आधी सावध व्हावयाचे काम आपले आहे.

या दोन्ही ठिकाणी लोक लोभी होते असे मी म्हणणार नाही. पुष्कळसे लोक पापभीरू होते. व्याज नको म्हणूनच ते बँक सोडून तेथे गेले. त्यांची श्रद्धा खरी होती. त्या श्रद्धेवर साक्षीदार मात्र एकच होता, आणि तोही कंपनीनेच उभा केलेला.

आपण काय करावे?

आजीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार उलमांचा आहे, शिक्षकाचा नाही. पुष्कळ उलमांचा सल्ला असा की व्याज बँकेत सोडू नये, काढून घ्यावे आणि सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावे. आपल्या आलिमांना विचारून तसे करावे. पैसा बँकेत सुरक्षित राहतो आणि मनही स्वच्छ राहते.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र प्रत्येक पालकाने पाच गोष्टी विचाराव्यात. संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे? लोकांच्या ठेवी घेण्याचा परवाना तिच्याकडे आहे का? ठेवीला विमा आहे का? हिशेब कोण तपासतो आणि सभासदाला तो पाहता येतो का? शरीअतीची ग्वाही देणारे आलिम कोण, आणि त्यांनी केवळ नाव दिले आहे की व्यवहाराचे कागद पाहिले आहेत? याखेरीज एक सोपी खूण सांगतो. भांडवल सुरक्षित आणि दरमहा ठरावीक नफा, असे कोणी वचन देत असेल तर ते शरीअतीच्या दृष्टीनेही संशयास्पदच होय. कारण ज्या भागीदारीत नुकसानीचा वाटा नाही तिला भागीदारी म्हणत नाहीत. शंका आली तर रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'सचेत' या संकेतस्थळावर चौकशी व तक्रार करता येते. आपल्या मुलांना ते सहज जमते.

जमातीत कर्जे-हसनाचा निधी असावा, ही चांगलीच गोष्ट आहे. पण निधी वाढू लागला, बाहेरच्यांच्या ठेवी येऊ लागल्या, की "आपलीच माणसे आहेत, कागद कशाला?" ही भाषा सोडावी आणि सहकारी कायद्याचा रस्ता धरावा. आमच्या केळशीच्या याकूबबाबांच्या दर्ग्याला छत्रपती शिवाजी महाराजांनी इनाम दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. बाबांविषयी महाराजांच्या मनात मोठा आदर होता. पण इनाम म्हटले की दप्तरी नोंद आली. संताविषयीचा आदरही कागदावर उतरावा लागतो, तेथे आपल्या भिशीची आणि निधीची काय कथा!

शेवटी विद्यार्थ्यांना दोन शब्द. आज आपल्या समाजात करार वाचणारा वकील आहे, पण त्याला फिकह ठाऊक नाही. फिकह जाणणारा आलिम आहे, पण त्याला ताळेबंद वाचता येत नाही. दोन्ही वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ही उणीव तुम्हीच भरून काढावयाची आहे. वाणिज्य शाखेला जाणाऱ्याने थोडी अरबी शिकावी, मदरशात जाणाऱ्याने हिशेबलेखन शिकावे. मुलींनीही हे क्षेत्र आपले नाही असे मानू नये. मदीनेच्या बाजाराची देखरेख करणाऱ्या हजरत शिफा यांनीच हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहावयास शिकविले होते, असे सांगतात. घरातील प्रत्येक आजीच्या पासबुकावरील ओळ वाचून दाखविणारी आणि समोर आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो पुरता वाचणारी एक तरी मुलगी घराघरांत असावी. आपल्या शिक्षणसंस्थेने एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाई आणि ती सांभाळण्याची समज देवो. आमीन.